खोली आपलीच असल्यासारखं

"मान वर. इकडेतिकडे बघायचं नाही. खोली आपलीच असल्यासारखं चालायचं," गोल फिरणाऱ्या दारातून आत शिरता शिरता अरुण कुजबुजला.

"अहो, आज खोली खरंच आपली आहे," रत्ना म्हणाली.

अरुण ओशाळून हसला. सवयच तशी लागलेली. न्यू जर्सीत, एडिसनला घर केल्यापासून भारतातून जो कोणी येई, मग ती मामेबहीण असो की शेजाऱ्यांचा जावई, त्याला न्यू यॉर्क दाखवायचं काम या दोघांकडेच. दिवसभर पायपीट झाली की पाहुण्यांना बाथरूमला न्यायचं कुठे, हा मोठाच प्रश्न. तो अरुणने सोडवला होता. पार्कसमोरच्या या जुन्या आलिशान हॉटेलात ताठ मानेने शिरायचं आणि झुंबराखालून डावीकडे वळायचं. आत संगमरवरी बेसिन, हात पुसायला कापडी नॅपकिन. कुणी कधी हटकलं नाही. पाहुणे गावी जाऊन स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापेक्षा त्या बाथरूमचंच जास्त सांगत.

पाहुण्यांची वाट बघत उभी असलेली रत्ना मात्र लिफ्टकडे बघत राही. वरच्या एखाद्या खिडकीत बसावं, दुसऱ्या कुणीतरी केलेला चहा घ्यावा आणि खाली पार्कात संध्याकाळ होताना बघावी, एवढंच तिच्या मनात होतं. तिने ते बोलूनही दाखवलं होतं. "अगं, तासाभरावर स्वतःचं घर असताना हॉटेलात कशाला? जाऊ पुढच्या वेळी," अरुण म्हणे. माणूस वाईट नव्हता हो. गॅस कंपनीत नकाशे काढण्यात आणि एअरपोर्टच्या फेऱ्या मारण्यात त्याचा जन्म गेला. तिचा गेला त्याच पाहुण्यांच्या पोळ्या लाटण्यात.

मग दोन हजार पाचच्या हिवाळ्यात बातमी आली की हॉटेल बंद होणार, आत फ्लॅट निघणार. अरुणने गुपचूप एक खोली बुक केली. रत्नाचा विश्वासच बसेना. ट्रेनमध्ये बसेपर्यंत ती विचारत होती, "खरंच ना?"

खोली पार्काच्या बाजूचीच मिळाली. रत्ना रेशमी साडी नेसली आणि खुर्ची ओढून खिडकीशी बसली. खाली झाडं उघडीबोडकी होती, तळं गोठलेलं होतं, उन्हं उतरू लागली होती.

"चहा मागवा," ती म्हणाली. "आज मी काही उठायची नाही."

"मागवतो की. फक्त..." अरुण घुटमळला. "प्रताप येतोय. सगळेच येतायत."

प्रताप त्याचा चुलतभाऊ, राहायला इथेच, क्वीन्सला.

"तुम्ही बोलावलंत?"

"त्याच्या गावात येऊन आपण हॉटेलात उतरलो हे त्याला दुसऱ्याकडून कळलं असतं, तर जन्मभर बोलला नसता. म्हणून मीच फोन केला. तर म्हणे, घर असताना हॉटेलात कशाला? मग मी तरी काय म्हणणार? म्हटलं, तुम्हीच या खोली बघायला. तासाभराचा तर प्रश्न आहे."

रत्ना काही बोलेपर्यंत दारावर थाप पडली. प्रताप, त्याची बायको शुभा, दोन मुलं आणि नागपूरहून आलेले शुभाचे आईवडील. शुभाने मसालेभाताचं पातेलं टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. "वहिनी, इथल्या त्या बेचव सूपने पोट भरतं का?"

धाकट्या यशने पलंगावर उडी मारली. "काकू, कॅन वी क्लोज द कर्टन्स? टीव्ही नीट दिसत नाही."

पडदे ओढले गेले. अरुणने चहा मागवायला फोन उचलला, तर शुभाची आई म्हणाली, "हॉटेलचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. आम्हाला रत्नाताईंच्या हातचा हवा."

आणि रत्ना उठली. कोपऱ्यातल्या कॉफीच्या मशीनवर ती दोन-दोन कप चहा करत राहिली. सगळ्यांना पुरेपर्यंत पहिला प्यालेला पुन्हा मागू लागला.

"दादा, काय थाट आहे यार," प्रताप म्हणत होता. अरुण खुलला होता. एकेकाला नेऊन बाथरूम दाखवत होता. "आता चोरून नाही बरं का."

मंडळी गेली तेव्हा रत्नाने बश्या गोळा केल्या आणि एका हाताने पडदा सारला. काचेत अंधार होता, आणि त्या अंधारात बश्या धरून उभी असलेली एक बाई. संध्याकाळ कधीच होऊन गेली होती.

अरुण मागे येऊन उभा राहिला. "राहिलीच का गं तुझी बघायची?"

"राहिली."

"मग पुढच्या वेळी..." तो म्हणाला, आणि हॉटेल बंद होणार हे त्याला आठवलं.

तो पलंगाच्या कडेवर बसला. मग म्हणाला, "मला कुणालाच नाही म्हणता येत नाही, असं सगळे म्हणतात. तुला मात्र जन्मभर नाहीच म्हणत आलो."

जाऊ द्या हो, असं ती नेहमी म्हणायची. आज ते तोंडातून निघालं नाही. तिला फार वाईट वाटत होतं, आणि ते लपवायचंही नव्हतं.

अरुण उठला आणि मशीनशी खटपट करू लागला. उभ्या जन्मात त्याने चहा केलेला नव्हता. दूध पाहुण्यांनी संपवलेलं. काळा चहा, टी-बॅगचा दोरा बाहेर लोंबतोय, असा तो कप त्याने खिडकीतल्या खुर्चीपर्यंत आणून दिला. ती बसली. समोर काळी काच होती. तिने तो सगळा चहा घेतला.

"कसा झालाय?"

"गरम आहे."

साखर ढवळायची राहिली होती. ती सगळी शेवटच्या घोटात आली.

सकाळी किल्ली परत करून दोघं दाराकडे निघाली. झुंबराखाली आल्यावर रत्नाने हातातली बॅग त्याच्याकडे दिली.

"आलेच," म्हणत ती डावीकडे वळली.

"अगं, वर होतं की आपलं."

"होतं. पण माझ्या ओळखीचं हेच."

आत कुणी नव्हतं. तिने संगमरवरी बेसिनमध्ये हात धुतले, नॅपकिनला नीट पुसले आणि मान वर करून, इकडेतिकडे न बघता, ती बाहेर आली.