तळ्याच्या अलीकडे

वाटाड्याने तिच्या बोटावरची ऑक्सिजन मोजायची चिमटी काढली, शर्टाला पुसली आणि पुन्हा लावली. आकडा बदलला नाही. एकोणसत्तर.

“रात्री किती वेळा ओकलात?”

“एकदाच.”

तिच्याच तंबूत झोपणाऱ्या दंतवैद्य बाई बाहेर बुटाच्या नाड्या बांधत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “तीनदा.”

पाच दिवसांच्या वाटेतला हा तिसरा दिवस. तळं समोरच्या खिंडीपलीकडे, तीन तासांच्या चालीवर होतं. बाकीचे आठजण पाठीवर पिशव्या चढवून उभे होते आणि इकडे बघायचं नाही असं ठरवल्यासारखे डोंगर न्याहाळत होते.

“ताई, तुम्हाला खाली न्यावं लागेल.”

“डोकं जरा दुखतंय, एवढंच. मी येईन हळूहळू.”

“बरं. त्या पांढऱ्या दगडापर्यंत सरळ रेषेत चालून दाखवा.”

ती उठली. दहा पावलं नीट पडली. अकराव्याला पाय दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बाजूला गेला. मग ती स्वतःच खाली बसली आणि चष्मा पुसू लागली.

सगळे दुसऱ्या वाटाड्याबरोबर निघाले. दंतवैद्य बाईंनी जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवला. “तुमच्यासाठी फोटो काढून आणते.” ती हसली. ओळीतली शेवटची निळी पिशवी वळणाआड गेली आणि गवतावर तंबूंच्या जागी चपटे चौकोन तेवढे उरले.

वाटाड्याने फाइलमधून तिचा फॉर्म काढला, डब्यातून सॅटेलाइट फोन काढला.

“घरी कळवावं लागेल. नियमच आहे.”

“नका कळवू. उगाच काळजी करतील.”

“करू देत की. घरच्यांनी नाही करायची तर कुणी?” त्याने फॉर्मवर बोट ठेवून वाचलं. “बहीण.”

तिला बहीण नव्हती. आई दोन वर्षांपूर्वी गेली, त्यानंतर घरात ‘आलीस का’ विचारणारं कुणी राहिलं नव्हतं. सहलीच्या कचेरीत फॉर्म भरताना खिडकीमागचा माणूस म्हणाला होता, ही नातेवाइकाची चौकट रिकामी ठेवून चालत नाही. मागे रांग होती. तिला तोंडपाठ असलेला नंबर एकच होता, तो तिने लिहिला, आणि नात्याच्या जागी, पेन क्षणभर वर धरून, ‘बहीण’.

तो नंबर मैत्रिणीचा होता. शालेय पुस्तकांच्या छापखान्यात दोघी एकोणीस वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या. एकीने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसरीने छापलेल्या मजकुरावर पेन्सिल फिरवायची. स्वल्पविराम, पूर्णविरामसुद्धा उच्चारायचे. पुढेपुढे कँटीनवाल्यालाही त्या सांगू लागल्या, “दोन चहा स्वल्पविराम एकात साखर कमी पूर्णविराम.” तो कपाळावर हात मारून घ्यायचा.

मग भूगोलाच्या पुस्तकात एका तळ्याच्या चित्राखाली उंचीचा आकडा चुकला. एक शून्य गळालं. पुस्तकं शाळांत पोचल्यावर ते लक्षात आलं. ते पान तपासताना मैत्रीण वाचत होती आणि ती बरोबरच वाचत होती. पेन्सिल हिच्या हातात होती. पण शेवटच्या पानावर सही करायची पाळी मैत्रिणीची होती. व्यवस्थापकांच्या खोलीत मैत्रिणीला जाब विचारला गेला तेव्हा ही चार हात अंतरावर उभी राहून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. हिच्या तोंडातून शब्द फुटला नाही. मैत्रिणीनेही हिचं नाव घेतलं नाही. संध्याकाळी तिने खण रिकामा केला आणि ती जिना उतरून गेली.

त्याला सहा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं फोन करायची लाज वाटली. नंतर इतके दिवस फोन केला नाही याची लाज वाटू लागली. निवृत्त झाल्यावर तिने याच तळ्याची सहल निवडली. प्रत्यक्ष बघितलं म्हणून काय होणार होतं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

वाटाड्या नंबर लावून थोडा दूर, उंचवट्यावर गेला. वारं त्याचे शब्द तुकड्यातुकड्यांनी आणत होतं. “आपण त्यांच्या बहीण ना?” त्यानंतर तो बराच वेळ ऐकत राहिला. ‘चुकीचा नंबर आहे’ म्हणायला एवढा वेळ लागत नाही, एवढंच तिच्या मनात आलं. मग त्याने खिशातून पेन काढलं आणि फॉर्म गुडघ्यावर ठेवून काहीतरी लिहून घेतलं.

“काय म्हणाल्या?” तो आल्यावर तिने विचारलं.

“सल्फाचं औषध द्यायचं नाही, अंगभर चट्टे उठतात. इथे ‘ॲलर्जी नाही’ असं लिहिलंय तुम्ही.”

“खरं लिहिलं असतं तर तुम्ही घेतलं नसतं मला.”

“उंचीच्या त्रासावर इथे देतो ती गोळी त्यातलीच आहे, ताई.” त्याचा आवाज चढला नाही. “आणखी म्हणाल्या, बरं वाटतंय म्हणाली तरी ऐकू नका. सवय आहे तिला.”

ती खाली वाकली आणि बांधलेलीच नाडी सोडून पुन्हा बांधू लागली.

दिवसभर ते उतरत राहिले. तिची पिशवी त्याने आपल्या पिशवीवर चढवली होती. झाडं सुरू झाली तशी डोक्यातली कळ ओसरली. एका वळणावर तिने मागे पाहिलं, तर खिंड ढगात गेलेली.

“बहीण मोठी की धाकटी?” त्याने विचारलं.

“मोठी. चार महिन्यांनी.”

तो काही पावलं चालला. “बरं,” म्हणाला, आणि वाटेतली एक सुटी फांदी काठीने बाजूला सारली.

ऊन कलताना ते रस्त्याकाठच्या विश्रामगृहापाशी पोचले. तो गाडीची चौकशी करायला आत गेला. बाहेरच्या बाकावर ती बसते न बसते तोच तिचा फोन वाजला. नाव पुसून टाकलेलं होतं, पण आकडे ओळखीचे होते.

“उतरलीस?”

“हो.”

“आता किती आहे?”

“शहाऐंशी.”

“नीट वाचलास ना?”

रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत दोघी थांबल्या.

“माझा नंबर लिहायच्या आधी विचारायचं तरी,” मैत्रीण म्हणाली.

“विचारलं असतं तर?”

“नाही म्हटलं असतं.”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. “त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.”

“हो,” मैत्रीण म्हणाली. “हवं होतं.”

पलीकडे नळ वाहत होता. थोड्या वेळाने तो बंद झाला आणि खुर्ची ओढून कुणीतरी बसल्याचा आवाज आला. फोन कुणीच ठेवला नाही.