पप्पांच्या नावाची साक्ष

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून शैलजाच्या जिभेला पंख फुटले होते. त्यामुळे नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या, उपकारस्तुतीच्या रविवारी पाळकसाहेबांनी "देवाच्या उपकारांची कोणाला साक्ष द्यायची आहे?" असं विचारायचा अवकाश, ती टुणकन उठून पुढे!

वेदीपाशी मंडळींनी आणलेले भोपळे, ऊस, ज्वारीची कणसं मांडली होती. त्यांच्यामागे उभी राहून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "मशीनमध्ये माझ्या पप्पांच्या उजव्या हाताची बोटं गेली. तरी ताटावर बसले की पप्पा आधी देवाचे आभार मानतात. कुरकुर नाही की तक्रार नाही!"

"आमेन!" सदर मोहल्ल्यातलं ते लहानसं चर्च दणाणलं. पुष्पाआंटीनं डोळ्यांना पदर लावला.

आणि ते साफ खोटं होतं. अपघातापासून पप्पांनी जेवणाआधीची प्रार्थना सोडूनच दिली होती. ताट आलं की डाव्या हातानं मुकाट घास उचलायचे. प्रार्थना मम्मी करायची, तीही हळूच, त्यांना ऐकू जाऊ नये अशी. शैलजाला ठाऊक होतं सगळं. पण वाक्य इतकं झकास जमलं होतं!

खाली येताना तिनं शेवटच्या बाकाकडे पाहिलं. पप्पा उजवा हात कोटाच्या खिशात घालून जमिनीकडे बघत होते. ती घाईघाईनं मम्मीशेजारी जाऊन बसली.

"काहून गं असं बोलली?" मम्मी कुजबुजली. "लोक आता त्यांनाच विचारतील ना."

तसंच झालं. अंगणात चर्चसाठी वेदीवरच्या भोपळ्यांचा लिलाव आटोपला, प्रीतिभोजनाच्या पंगती बसल्या आणि पुष्पाआंटी म्हणाली, "गुणवंतभैया, आमच्या ह्यांना शिकवा न जी थोडं. गुडघा दुखला की देवावर रुसून बसतात!"

सगळे हसले. पाळकसाहेब म्हणाले, "चलो, आज अन्नावरची प्रार्थना गुणवंतरावच करतील."

माना खाली गेल्या. डोळे मिटले. पप्पा उभे राहिले, पण शब्द फुटेना. भाताची वाफ विरत गेली. कोणीतरी खाकरलं. स्पर्धेत बक्षीस मिळवून देणारी जीभ टाळूला चिकटली होती. शैलजानं ती कशीबशी सोडवली.

"पप्पा नाही करत प्रार्थना," ती उठून म्हणाली. "मी खोटं बोलले. त्यांच्या नावावर. मलाच... मलाच छान म्हणवून घ्यायचं होतं."

कोणी आमेन म्हटलं नाही. मम्मीनं तोंडावर हात धरला. 'आता पप्पा उठून निघून जातील,' शैलजाला वाटलं, 'आणि पुन्हा या अंगणात पाऊल टाकणार नाहीत. माझ्यामुळे.'

पप्पा गेले नाहीत. त्यांनी खिशातला हात बाहेर काढला आणि दुसऱ्या हाताला जोडला.

"देवा, तुझ्यावर माझा राग आहे. तो तुला माहीत आहे," त्यांचा आवाज बसला होता. "त्याचं आपण दोघं बघू. पण ही पोरगी दिलीस. खोटं बोलली, पण सगळ्यांसमोर उभीही राहिली. तिच्यासाठी तुझे आभार. या अन्नासाठी पण."

"आमेन," पंगत हळूच म्हणाली.

शैलजाचे डोळे मात्र उघडेच होते. वेदीपाशी ज्या हाताबद्दल ती एवढं फाडफाड बोलली होती, तो तिनं आजवर एकदाही धड बघितला नव्हता. दोनच बोटं उरली होती. शैलजा त्या दोन बोटांकडे बघत राहिली, आणि आमेन म्हणायचं राहूनच गेलं.