तिसरा चमचा

“दुपारचं कोण भरवतं याला?” सुलक्षणाने चमचा खाली ठेवत विचारलं.

अकरा महिन्यांचा ओजस आईच्या मांडीवर धनुष्यासारखा ताणला होता. सातव्या महिन्यातच जन्मलेल्या या पोराला चार महिने नाकातल्या नळीने दूध मिळालं. तोंडाने खायचं असतं, हे त्याला शिकवावं लागत होतं. त्यासाठीच दर मंगळवारी त्याला बोरिवलीला, लहान मुलांना खायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट सुलक्षणाकडे आणायचे. दोन आठवड्यांपूर्वी तो चमचा चाटायला लागला होता. आज चमचा दिसताच त्याला उमासे येत होते.

“घरी बाबा असतात,” अपूर्वा म्हणाली. “आणि शेजारच्या शांताबाई यायच्या. त्याच कोंबत असणार. मी बंदच केलं त्यांना. चांगलं सुनावलं पण.”

खुर्चीतला तिचा सासरा दशरथ जमिनीकडे बघत राहिला. बसडेपोत टायर बदलण्यात त्याची हयात गेली होती. आता मुलगा आणि सून कामाला गेले की दहिसरच्या चाळीत नातू त्याच्याच हवाली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिनाअखेर वजन वाढलं नाही तर पोटाला छेद देऊन नळी बसवावी लागेल. तेव्हापासून दशरथला काही सुचेना. एवढ्याशा पोटाला छेद! गेल्या शुक्रवारी त्याने पेज शिजवली, ओजसचे दोन्ही हात डाव्या पंज्यात धरले आणि गाल दाबून तोंड उघडलं. एक चमचा गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला पोराचं रडणं एकदम थांबलं. खोकला नाही, आवाज नाही. ओठ निळे पडत चालले.

दारातून शांताबाई धावली. पोराला पालथं हातावर घेतलं, डोकं खाली, पाठीवर थापट्या. पेज बाहेर पडली आणि ओजसने टाहो फोडला.

“अपूर्वाक सांगू नको गो,” दशरथ कसाबसा बोलला.

“मी कोणाक सांगूचंय नाय, भावजी. पण पोराक परत असा धरू नकात.”

तिने शब्द पाळला होता. सुनेने नको नको ते ऐकवलं, तेव्हाही.

“मी कोंबलं,” आता सुलक्षणासमोर दशरथ म्हणाला. “शांताबाईने वाचवला त्याला. नाहीतर...”

अपूर्वाने ओजसला छातीशी घट्ट धरलं. “आणि मी त्या बाईला काय काय बोलले, बाबा! तुम्ही ऐकत होता ना आतून?”

“होय.”

सुलक्षणाने दशरथला सतरंजीवर ओजससमोर बसवलं. वाटी त्याच्या हातात येताच ओजस किंचाळला, आईच्या कुशीत शिरला. पोर वाटीला नव्हे, त्या हातांना भीत होतं.

“वाटी खाली ठेवा, काका. आज भरवायचं नाही. तुम्ही खा, त्याला बघू दे.”

दशरथ उकडलेला भोपळा खाऊ लागला. वीसेक मिनिटांनी ओजस सरकत आला. एक बोट वाटीत बुडवलं, जिभेला लावलं आणि खोकला. दशरथ थिजला.

“खोकू दे. आवाज येतोय ना? भीती असते ती आवाज बंद झाला की.”

ओजसने पुन्हा बोट बुडवलं. जाताना वजन केलं. काटा होता तिथेच होता.

“महिना संपायला अजून नऊ दिवस आहेत,” सुलक्षणा म्हणाली. ऑपरेशन टळेल, असं मात्र तिने म्हटलं नाही.

चाळीत शिरल्यावर अपूर्वा आपल्या दाराकडे वळलीच नाही. शांताबाई मोरीशी बसून बांगडे साफ करत होती.

“माझं चुकलं हो, शांताबाई. बाबांनी सांगितलं सगळं.”

शांताबाईने बांगडे बाजूला सारले. हात स्वच्छ धुतले, पदराला पुसले आणि ओजसकडे पसरले. तो चटकन गेला. अपूर्वाही तिच्याशेजारी टेकली.

दशरथ शांताबाईच्या उंबऱ्याबाहेरच चपला घालून उभा होता. त्याला कुणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ओजस शांताबाईच्या मंगळसूत्राशी खेळत राहिला. बऱ्याच वेळाने, दाराकडे न बघताच, शांताबाईने पायाने एक पाट दशरथच्या बाजूला सरकवला.