प्रोसेसर शंभर अंशांवर

शनिवारी दुपारी आमच्या नव्या संगणकाने तेरा पानं वाचली आणि चौदाव्या पानावर तो गप्प झाला. पडदा काळा, पंखे बंद, समोरचा निळा दिवा विझलेला. मी आधी स्वतःचे हात पाहिले. काही बिघडलं की माझी नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

संगणक आम्ही दोघांनी घरीच जोडला होता. मी कॉलेजातला निवृत्त ग्रंथपाल, वय एकाहत्तर. दुसरे वाल्मिकजी, आमच्या मागच्या गल्लीत राहणारे माझे मित्र. महूच्या फौजी वर्कशॉपमध्ये वायरलेस सेट दुरुस्त करण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. प्रत्येक भागाबरोबर आलेली पुस्तिका मी तीन-तीनदा वाचून दाखवायची आणि त्यांनी जोडायचं, असं आमचं ठरलं होतं. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना जवळचं बारीक काम दिसत नव्हतं, म्हणून शेवटचे स्क्रू मी पिळले.

हा उद्योग मी का अंगावर घेतला, याचं मलाच अजून नवल वाटतं. मल्हारगंजातल्या आमच्या मराठी वाचनालयाचं एक त्रैमासिक होतं. एकतीस वर्षं चाललं. त्याचे गठ्ठे एका खोलीत पडून आहेत आणि ती खोली आता रिकामी करायची आहे. मार्चच्या बैठकीत "रद्दीत देऊन टाकू" असा ठराव आला, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा बैठकीत हात वर केला. म्हणालो, "दोन महिने द्या. मी सगळे अंक संगणकात उतरवतो. शब्द टाकला की पान सापडेल, असे." जुन्या खिळ्यांची छपाई ओळखणारा एक प्रोग्राम मला ठाऊक होता, पण त्याला दमदार मशीन लागत होतं. रविवारी सकाळी अकरा वाजता समितीची मंडळी आमच्या घरी येऊन काम पाहणार होती. पसंत पडलं तर ठीक. नाही पडलं तर सोमवारी रद्दीवाला.

आणि शनिवारी दुपारी संगणक बंद पडला होता. पुन्हा चालू केल्यावर पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा पाहिला, तर प्रोसेसर शंभर अंशांना टेकत होता. जास्त तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो, हे मी वाचलेलं होतं.

"भिया, धूप तो देखो," वाल्मिकजी म्हणाले. "मे महिना आहे. इथे माणूस बंद पडतोय, हे तर मशीन. सकाळी गारव्यात लावू."

सकाळी सातला ते हजर. खिडकीतून बरी हवा येत होती. संगणक नुसता बसून होता तरी आकडा चौसष्ट. मी पानं वाचायला लावली. ऐंशी, एक्क्याण्णव, सत्त्याण्णव, शंभर. वाल्मिकजींनी स्वतःच बटण दाबून तो बंद केला.

"मौसम बेकसूर," ते म्हणाले. "आता पेटीत हवा कोंडते का बघू."

पेटीची बाजूची काच काढली. आमचा टेबलफॅन आणून थेट आत वारा सोडला. फरक पडला तीन अंशांचा. आतला पंखाही व्यवस्थित फिरत होता. साडेआठ झाले.

"वाल्मिकजी, माझ्याच हातून प्रोसेसर गेलाय," मी म्हणालो. "अध्यक्ष मुजुमदारसाहेबांना फोन करून टाकतो. जमलं नाही म्हणून सांगतो."

"आजपर्यंत कुणाला आपणहून फोन केला नाही तुम्ही. आणि पहिला करणार तो सरेंडर व्हायला? ठेवा तो खाली."

मी ठेवला. तेवढ्यात माझी बायको शारदा चहा घेऊन आली. टेबलावर कप ठेवायला जागा शोधताना तिने उघड्या पेटीत डोकावून पाहिलं. पडद्यावर आम्ही पुन्हा पानं लावली होती आणि आकडा अठ्ठ्याण्णव दाखवत होता. प्रोसेसरवर बसवलेला पत्र्याच्या पात्यांचा ठोकळा, ज्याला कूलर म्हणतात, त्याला तिने बोट लावलं.

"अगं, भाजेल!" मी ओरडलोच.

"काय भाजेल? थंडगार आहे. तुम्ही लावून बघा."

मी घाबरत बोट टेकवलं. खरंच गार होता. वाल्मिकजींनी सगळा पंजाच ठेवला.

"अहो, खाली गॅस मोठा आणि वर तवा गार, हे कसं होईल?" शारदा म्हणाली. "तवा बर्नरवर नीट टेकला नसेल."

कालपासून आम्ही हवेच्या मागे लागलो होतो. उष्णता प्रोसेसरमधून वर कूलरमध्ये चढतच नव्हती, मग वारा कितीही घातला तरी काय उपयोग?

"भाभीजी, तुम्हाला वर्कशॉपमध्ये भरती करायला हवं होतं," वाल्मिकजी म्हणाले.

"आधी चहा संपवा. भरतीचं नंतर बघू."

चहा तसाच राहिला. संगणक बंद करून, वायर काढून, मी चारही स्क्रू सोडवले आणि कूलर हळूच उचलला. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये एक करडी पेस्ट लावतात, दोन्ही धातू एकमेकांना पुरते भिडावेत म्हणून. ती पेस्ट एका कडेला कागदासारखी पातळ दाबली गेली होती. समोरच्या कडेला मात्र मी लावली तशीच, जाडसर, हात न लागल्यासारखी.

हे चित्र मी शेकडो वेळा पाहिलं होतं. ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांना नवे पुठ्ठे चढवायचं काम मी तीस वर्षं करून घेतलं. पुठ्ठ्याला खळ लावायची, पुस्तक शिकंज्यात घालायचं आणि स्क्रू आवळायचे. नवखा माणूस एका बाजूचा स्क्रू आधी पूर्ण आवळतो. मग त्या बाजूची खळ बाहेर येते आणि दुसऱ्या बाजूला पुठ्ठा उचललेला राहतो. "थोडा इकडचा, थोडा तिकडचा," हे मी प्रत्येक नव्या शिपायाला सांगत असे. आणि स्वतःच्या घरी मी नेमकं उलटं केलं होतं.

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"वाल्मिकजी, काल शेवटचा स्क्रू पिळताना बोर्डातून कट् असा आवाज आला होता. मला वाटलं, फुटला. मी तिथेच थांबलो. तीन घट्ट आहेत, चौथा अर्धवट."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही म्हणाल, ह्यांना साधा स्क्रूसुद्धा पिळता येत नाही."

वाल्मिकजी चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अच्युत भिया, वर्कशॉपमध्ये जो पोरगा 'साब, गडबड हो गई' म्हणायचा ना, त्याची मला कधीच फिकीर नव्हती. जो 'सब ठीक है' म्हणायचा, त्याचा सेट डोंगरावर मुका निघायचा. चला, पुसा ते."

वाल्मिकजी इन्सुलिन घेतात. त्यांच्या खिशातल्या डब्यात स्पिरिटचे बोळे असतात. त्यातल्या चार बोळ्यांनी जुनी पेस्ट स्वच्छ निघाली. प्रोसेसर आरशासारखा चमकायला लागला.

पण नवी पेस्ट कुठून आणायची? दुकानं अकराशिवाय उघडत नाहीत. आणि कूलरसोबत आलेली पुडी काल पिळून संपली होती. मी कचऱ्याच्या टोपलीत हात घालून ती शोधून काढली. टूथपेस्टची ट्यूब कापून पुढचा आठवडा काढणाऱ्या घरात माझा जन्म झाला आहे. कात्रीने पुडीच्या तिन्ही कडा उघडल्या. आतल्या घड्यांमध्ये बऱ्यापैकी माल चिकटला होता! एका जुन्या कार्डाच्या कडेने तो निपटून घेतला आणि खळ पसरावी तसा पातळ, सारखा पसरला. कितीतरी वर्षांनी मला कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

कूलर ठेवला. आता स्क्रू. डावा वरचा अर्धा फेरा, मग उजवा खालचा अर्धा. मग दुसरी जोडी. वाल्मिकजी कवायतीसारखं मोजत होते, "एक... दो... एक... दो..." सातव्या-आठव्या फेऱ्याला तोच आवाज आला. कट्.

माझा हात थबकला.

"पुस्तिकेत काय लिहिलंय?" वाल्मिकजींनी विचारलं.

"स्क्रू आपोआप थांबेपर्यंत फिरवावा."

"थांबला का?"

"नाही."

"मग तुम्ही का थांबलात? आयुष्यभर पुस्तकांवर विश्वास ठेवलात, आज काय झालं?"

मी फिरवला. अजून दोन फेरे सहज बसले आणि मग स्क्रू खरोखरच टेकला. चारही तसेच. बोर्ड शाबूत होता. आवाज बहुधा स्क्रूखालच्या स्प्रिंगचा असावा. नक्की काय होतं, ते मला अजूनही माहीत नाही.

दहा वाजून वीस मिनिटांनी बटण दाबलं. आकडा आला, अडतीस. मी पानं वाचायला लावली. पन्नास. अठ्ठावन्न. चौसष्ट. शारदा पोळ्या टाकून, पिठाच्या हातांनी माझ्या मागे येऊन उभी राहिली. सदुसष्ट. अडुसष्ट. अडुसष्ट. अडुसष्ट! पानामागून पान सरकत होतं आणि आकडा जागचा हलत नव्हता. वाल्मिकजींनी कूलरला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"गरम!" ते आनंदाने म्हणाले. "भाभीजी, तवा तापला!"

मी "अडुसष्ट!" असं इतक्या मोठ्याने ओरडलो की शेजारच्यांनी गॅलरीत येऊन काय झालं म्हणून विचारलं. मी त्यांनाही तेच सांगितलं. त्यांना काही कळलं नाही, पण ते हसले.

बरोबर अकराला अध्यक्ष मुजुमदारसाहेब आणि चिटणीस यामिनीताई आले. मला बोलायची पाठ केलेली चार वाक्यं आठवेनात.

"एखादं पान कुणीही वाचून दाखवेल," मुजुमदारसाहेब खुर्चीत बसत म्हणाले. "अख्खं वर्ष वाचू द्या. मी बसतो."

एका वर्षाच्या चार अंकांची दोनशे अठरा पानं. फोटो मी आधीच काढून ठेवले होते. सुरू केलं. काल तो थांबला होता ते पान कधी मागे पडलं, ते माझ्या ध्यानातही आलं नाही. अडुसष्ट, एकोणसत्तर, पुन्हा अडुसष्ट. बारा मिनिटांत वर्ष संपलं.

"आता शोधा काहीतरी," मी म्हणालो. आवाज चक्क माझाच होता.

यामिनीताईंनी 'पंखा' हा शब्द टाकला. सहा ठिकाणं निघाली. पहिलंच एका वाचकाचं पत्र होतं: वाचनालयातला पंखा गेले दोन उन्हाळे बंद आहे, समितीला घाम कसा येत नाही? शेवटच्या ओळीतला 'घाम' प्रोग्रामने 'धाम' असा वाचला होता, ती चूक मी स्वतःच दाखवून दिली. "अशा चुका निघतील. मी प्रत्येक पान तपासणार आहे."

मुजुमदारसाहेबांनी पत्राखालचं नाव वाचलं आणि ते खो-खो हसले. "हे तर आमचे तीर्थरूप! स्वतः समितीत नव्हते, म्हणून लिहिलं असणार!" त्यांनी ते पत्र मला पुन्हा वर घ्यायला लावलं, चष्मा पुसला, आणि या वेळी सावकाश, मनातल्या मनात वाचलं. मग खिशातून फोन काढला.

"भिया, कल मत आना," ते रद्दीवाल्याला म्हणाले. "नहीं, परसों भी नहीं. वो माल अब बिकने का नहीं है." मग माझ्याकडे वळले. "पण खोली मात्र रिकामी करावीच लागेल, अच्युतराव. गठ्ठे इथे आणावे लागतील."

मी शारदाकडे पाहिलं. तिने दिवाणाखाली पाहिलं, मग कपाटाच्या माथ्याकडे, मग वाल्मिकजींकडे.

"अर्धे आमच्याकडे," वाल्मिकजी म्हणाले. "पण तपासायला मला भिंग पाहिजे."

मंडळी गेल्यावर मी लगेच पुढच्या वर्षाचे फोटो मशीनला दिले. पानं सरकू लागली. शारदाने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा ती दारात आली.

"जेवायला बसा आता दोघं. ते वाचेल तुमच्याशिवाय."

"आलोच," मी म्हणालो. "एवढं एक पान होऊ दे."