उजेडातली फेरी

दाराची कडी वाजू नये म्हणून एदेल्मिरानं ती शालीच्या टोकात धरली आणि मग हळूच सरकवली. दुसऱ्या हातातली बॅग तिनं पोटाशी आवळून धरली होती. बॅग रिकामी होती, पण जुनी. तिच्या मुठीचं एक कडं सैल झालं होतं आणि जरा हललं की वाजायचं. आतल्या खोलीत निकानोर कुशीवर वळला. ती थांबली. भावाचा श्वास पुन्हा संथ होईपर्यंत तशीच उभी राहिली आणि मग पाय उचलून उंबऱ्याबाहेर ठेवला, दुसऱ्याच्या घरातून निघावं तसा.

बाहेर चांगलं उजाडलं होतं. गल्लीच्या मधोमध रात्री जाळलेल्या जुन्या वर्षाच्या बाहुल्याची राख पसरली होती आणि तिच्यात एक बूट तेवढा अर्धवट जळायचा राहिला होता. रात्री खाल्लेल्या तामालची, केळीच्या पानात बांधून वाफवलेल्या मक्याच्या पुडीची, पानं चाटत एक कुत्रं फिरत होतं. बाकी सगळं गाव पडदे ओढून झोपलं होतं. एदेल्मिराला तेच हवं होतं.

रात्री बाराला हीच गल्ली बॅगा घेऊन धावली होती. दरवर्षी धावते. बाराच्या ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खाऊन झाली, गळाभेटी झाल्या की ज्यानं त्यानं रिकामी बॅग उचलायची आणि चार गल्ल्यांमधल्या घरांना एक फेरी मारून यायची. म्हणजे नव्या वर्षात प्रवास घडतो. पोरं पुढे, बायका उंच टाचांचे बूट हातात घेऊन त्यांच्यामागे, आणि सगळ्यांत शेवटी दारू चढलेले पुरुष, सासूच्या फुलाफुलांच्या बॅगा डोक्यावर घेऊन. एदेल्मिरा हे खिडकीतून बघायची. निकानोरची खुर्ची ती खिडकीपाशी आणून ठेवायची आणि कोण धावलं, कोण पडलं, ते त्याला सांगायची. तो चौकातल्या सलूनचा मालक. आयुष्यभर गावाच्या दाढ्या केल्या, मग काचबिंदूनं डोळे गेले आणि सलून विकलं. तेव्हापासून बहीण आणि भाऊ दोघंच घरात.

एका वर्षी तीही बॅग घेऊन पायरीवर आली होती. गर्दीतून कोणीतरी ओरडलं होतं, "तू कुठे निघालीस गं, एदेल? निकानोरला बॅगेत घालून नेणार की काय?" सगळे हसले. वाईट मनानं कोणीच हसलं नव्हतं. आत खिडकीशी निकानोरही हसला. मग तीही हसली आणि बॅग पुन्हा कपाटावर जाऊन बसली.

म्हणून तिनं आपल्यापुरती एक वेगळी रीत पाडली. पहिल्या वर्षी नव्या वर्षाच्या सकाळी, निकानोर उठायच्या आत, तिनं बॅग घेऊन स्वतःच्या पलंगाला फेरी मारली. पलंग भिंतीला टेकलेला, तो आधी ओढावा लागला. पुढल्या वर्षी परसातल्या धुण्याच्या टाकीभोवती. यंदा रस्त्यावर. हळूहळू तिचे नियमही ठरले होते. धावायचं नाही. मागे बघायचं नाही. कोणाशी बोलायचं नाही. आणि मनातसुद्धा कुठल्या गावाचं नाव आणायचं नाही. कारण नाव आणलं की लगेच तिला निकानोर दिसायचा, भिंतीला हात लावून तिला शोधणारा. गाव नको. नुसतं जाणं.

पहिला कोपरा तिनं मान खाली घालून ओलांडला. दुसऱ्या कोपऱ्यानंतर तिच्या लक्षात आलं की आपण बॅग पोटाशी धरलेली नाही. ती हातात मोकळी लोंबते आहे, कडं खुशाल वाजतं आहे आणि आपली पाठ ताठ आहे. तिसऱ्या कोपऱ्यावर ओब्दुलिया उभी होती.

ओब्दुलिया म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. डोक्यावर काळी जाळीदार ओढणी घेऊन ती चर्चमध्ये सकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेला निघाली होती आणि भाज्यांची जीप चालवणारा तिचा भाचा विल्मार तिच्यासाठी जीपचं दार उघडत होता.

"अगं बाई! एदेल, तू? आणि ही बॅग?"

बोलायचं नाही हा नियम तिथेच मोडला.

"हो, जरा..."

"निघालीस कुठे?"

खरं सांगणं अगदी सोपं होतं. रात्री बाराला हीच बॅग बघून कोणी काही विचारलं नसतं. पण उन्हं आलेली, रस्ता रिकामा, आणि साठी उलटलेली एक बाई एकटीच रिकामी बॅग हलवत घरांना फेरी घालतेय! एदेल्मिराची कानशिलं तापली.

"मोनिकिराला," ती म्हणाली.

जगातली सगळी गावं सोडून तिच्या तोंडी आलं ते मोनिकिरा. पेरूच्या वड्यांचं गाव. लोक तिथे वड्या आणायला जातात आणि जेवायला घरी परततात.

"मोनिकिराला? कोणाकडे गं?"

"तुलिया म्हणून मैत्रीण आहे माझी."

तुलिया तिच्या शाळेतली मैत्रीण. ओब्दुलिया ह्या गल्लीत राहायला आली त्याच्या कितीतरी आधी ती वारली होती. नाव शोधायला गेली तेव्हा तेच हाताला लागलं.

"आणि निकानोर?"

"त्याला सांगितलंय."

आता ही बाई आपल्याला फैलावर घेणार, असं तिला वाटलं; घेतलं असतं तर बरंही वाटलं असतं. पण ओब्दुलियाचं तोंड उजळलं.

"बरं केलंस! अगदी बरं केलंस. मी केव्हाची म्हणतेय, ही बाई एक दिवस भिंतीत चिणली जाईल. जा तू. त्याच्याकडे मी बघते. आत्ताच जाते."

"नको, तो झोपलाय. आणि तुमची मिस्सा..."

"देव कुठे पळून जात नाही. पुढच्या रविवारी दोनदा गुडघे टेकीन. विल्मार! असा बघतोस काय खांबासारखा? दोन्या एदेल्मिराला स्टँडवर सोड."

विल्मार चाळिशीचा, जाडजूड, वडीलधाऱ्या बायकांना मानानं 'दोन्या' म्हणणारा. रात्रीच्या जागरणानं त्याचे डोळे लाल होते. त्यानं तिच्या हातातून बॅग घेतली. वजनाच्या अंदाजानं त्यानं दंड ताठ केला होता, त्यामुळे बॅग एकदम त्याच्या खांद्यापर्यंत उडाली. त्यानं बॅगेकडे बघितलं, मग एदेल्मिराकडे. आणि आत अंडी भरली असावीत अशा बेतानं ती मागच्या सीटवर ठेवली. तो हसला असता तर बरं, असं तिला वाटलं.

चौकापर्यंत येता येता पंपावरच्या झोपलेल्या पोराला उठवून पेट्रोल भरण्यात बराच वेळ गेला. मग विल्मार समोर बघतच म्हणाला,

"दोन्या एदेल्मिरा, मोनिकिराची गाडी आज दुपारशिवाय नाही. सुट्टी आहे."

"असं का."

"सकाळची एकच आहे. ती पार लांब, बुकारामांगा शहराला जाते."

"असं."

"रात्री मीही मारली फेरी," गिअर बदलत तो म्हणाला. "बायको म्हणते, तू मेल्या रोज जीपनं हिंडतोस, तुला कसला आणखी प्रवास हवा? म्हटलं, मला असा हवा की गाडी दुसरा कोणीतरी चालवतोय आणि मी मागे घोरतोय."

एदेल्मिराला हसू आलं आणि हसल्याबरोबर जास्तच मेल्यासारखं झालं, कारण आता त्याला माहीत आहे हे तिला माहीत होतं. तिनं शाल हनुवटीपर्यंत ओढली.

"कोणाला सांगू नकोस, विल्मार."

"काय सांगायचंय? तुम्ही घरी काहीतरी विसरलात. विसरतात लोक. मावशी तर एकदा नवऱ्याला स्टँडवर विसरून घरी आली होती." त्यानं चौकाला वळसा घालून जीप फिरवली. "तुम्हाला घरी सोडतो आणि जीपमधलं पाणी बघत तिथेच थांबतो. नाही आलात बाहेर, तर समजेन."

परतीच्या रस्त्यावर एदेल्मिरा पुढे सरकून बसली. ओब्दुलियानं त्याला उठवलंच असेल. बहीण निघून गेली असं एकदम सांगितलं असेल, तिला कुठे पोच आहे. तो बिछान्यावर बसून हाका मारत असेल. वहाणा सापडत नसतील, शर्टाची बटणं वरखाली लागली असतील, न्याहारीला शेगडीवर ठेवलेलं प्यायचं चॉकलेट उतू गेलं असेल. एकेक गोष्ट तिला डोळ्यांसमोर दिसत गेली आणि जीपमध्ये चढल्यापासून आखडलेले तिचे खांदे खाली आले.

दार ढकललं तेव्हा स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येत होता. दोघांच्या हसण्याचा.

निकानोर टेबलाशी उन्हात बसला होता. अंगात पांढरा शर्ट, गळ्यात टॉवेल. समोर तामाल होता आणि तो बोटांनी चाचपत त्याच्या पानाचा दोरा सोडवत होता. समोरच्या स्टुलावर ओब्दुलिया हातांची घडी घालून बसली होती.

"कोण? एदेल?"

"मी... काहीतरी विसरले."

"हात लावू देत नाहीये बघ मला," ओब्दुलिया म्हणाली. "म्हटलं, दोरा सोडून देते, तर म्हणतो, माझ्या जेवणात नाक खुपसू नका. शेजारधर्म राहिलाच नाही."

एदेल्मिरा त्याच्या गालांकडे बघत होती. डोळे गेल्यापासून रोज सकाळी ती त्याला खिडकीपाशी बसवायची, त्याची हनुवटी वर करायची आणि दाढी करून द्यायची. काल उत्सवाच्या गडबडीत राहिली होती. आता त्याचे दोन्ही गाल गुळगुळीत होते. कुठे कापलेलं नव्हतं. तिनं दुसऱ्या बाजूलाही वाकून बघितलं, तिथेही नव्हतं. वस्तरा धुऊन, पुसून, मिटून टॉवेलाच्या घडीवर ठेवलेला होता.

"दाढी कोणी केली?"

"गावातल्या सगळ्यांत चांगल्या न्हाव्यानं," निकानोर म्हणाला. "माणूस चांगला आहे, जरा उशिरा उठतो एवढंच."

ओब्दुलिया पुन्हा हसायला लागली.

"वस्तरा तर वरच्या फळीवर असतो."

"हो. तिथेच होता."

"म्हणजे तुला करता येत होती?"

त्यानं दोऱ्याची गाठ सोडवली, दोरा बोटाला गुंडाळून त्याचं वेटोळं केलं आणि बशीच्या कडेला ठेवलं.

"मला वाटायचं, तुला करायची असते," तो म्हणाला.

तिची नजर शेगडीकडे गेली. चॉकलेटच्या भांड्याखालची आच बंद होती आणि शेगडी स्वच्छ होती. आपण डाग शोधतोय, हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं झटकन मान वळवली. ओब्दुलियानं बघितलं असावं, असं तिला वाटलं.

"काय विसरलीस? सांग, मी आणून देते," ओब्दुलिया म्हणाली.

"खोलीत आहे. मीच घेते."

खोलीत येऊन तिनं दार लोटलं, बॅग पलंगावर ठेवली आणि शेजारी बसली. थोडं थांबायचं, मग बाहेर जाऊन सांगायचं, गाडीच नाही म्हणे आज. किंवा डोकं दुखतंय. वाक्यं तयार होती. तिनं बॅग उघडली. आत डांबरगोळीचा वास होता आणि तळाचा कागद पिवळा पडला होता.

मधली भिंत पातळ होती. पलीकडे काटाचमचा वाजला आणि ओब्दुलिया म्हणाली,

"ती मोनिकिराची मैत्रीण कोण रे? तुलिया का कोण? कधी नाव ऐकलं नाही."

एदेल्मिराचा हात बॅगेच्या कडेवर तसाच राहिला. तुलियाच्या दफनाला निकानोर तिच्याबरोबर गेला होता. तेव्हा त्याला दिसत होतं; चढावर तिचा पाय घसरला तेव्हा त्यानंच तिला सावरलं होतं. पेटीवर पहिली मूठ माती कोणी टाकायची ह्यावरून नातेवाइकांत कुजबुज चालली होती आणि एदेल्मिरा मागेच उभी राहिली होती, तर त्यानं कोपरानं तिला पुढे ढकललं होतं.

पलीकडे त्यानं पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज आला.

"तुलिया होय," निकानोर म्हणाला. "जुनी मैत्रीण आहे तिची. फार लळा. ती काही एदेलला लवकर सोडायची नाही."

"म्हणजे? चार दिवस तरी?"

"जास्तच म्हणा ना. तुम्हाला माझा कंटाळा येईल तोवर."

"तो तर मला आत्ताच आलाय," ओब्दुलिया म्हणाली आणि तिनं स्टूल पुढे ओढलं.

एदेल्मिरानं तोंडावर हात ठेवला. आपलं खोटं त्याच्या तोंडी किती सहज बसलं होतं. तिच्यासाठी त्यानं ते झाडूनपुसून नीट मांडून ठेवलं होतं. तिला त्याच्यासमोर जाऊन उभं राहण्याची लाज वाटली आणि न जाण्याचीही. जरा वेळानं ती उठली आणि कपाट उघडलं. प्रवासाला निघालेली बाई काय घेते, हे तिला माहीत नव्हतं. तिनं आधी एक लोकरीचा स्वेटर घेतला. मग बुकारामांगा गरम असतं असं कधीतरी ऐकलेलं आठवलं आणि दोन सुती झगेही घेतले. स्वेटर काढला नाही. बूट कागदात गुंडाळले. अंतर्वस्त्रं घडी करून खाली सारली, कोणी बघत नसतानाही.

बाहेर विल्मारनं जीपचं झाकण आपटल्याचा आवाज आला.

ती स्वयंपाकघरात आली. बॅग तिनं दाराशी टेकवली.

"सापडलं?" निकानोरनं विचारलं.

"सापडलं."

"मग नीघ. गाडी चुकेल."

त्यानं तिच्या आवाजाच्या बाजूला गाल पुढे केला. ती वाकली आणि त्याच्या गालाला तिनं गाल लावला. कानामागे साबणाचा फेस वाळून चिकटला होता, नखाएवढा. तिचा अंगठा तिथपर्यंत गेला. मग तिनं तो मागे घेतला आणि बॅग उचलायला दोन्ही हात लावले.