सात नंबरचा हद्दीचा दगड

मी हद्दीचा दगड बोलतोय. उगाच इकडेतिकडे बघू नका. त्या आडव्या पडलेल्या झाडाशेजारी, तुमच्या गुडघ्याएवढा, गोलमटोल उभा आहे ना, तोच मी. जात ग्रॅनाइटची, नंबर सात. माझ्या एका गालावर जर्मनीचं अक्षर आहे, दुसऱ्या गालावर चेक लोकांचं. मालक दोन, पण वर्षानुवर्षं एकही विचारपूस करायला येत नाही. असो, सवय झाली.

मराठी कशी येते म्हणाल? अहो, हल्ली रेगेन्सबर्ग शहरातून सुट्टीच्या दिवशी इतकी मराठी मंडळी डोंगर चढायला येतात! आमच्या डोक्यावर डबे ठेवून पोळीभाजीचे रोल खातात आणि ऑफिसच्या साहेबांच्या नावाने बोटं मोडतात. कानांवर पडून पडून आली.

आमच्या डोंगररांगेला अलीकडे जर्मनीत बायरिशर वाल्ड म्हणतात, पलीकडे चेक लोक शुमावा. नावं दोन, डोंगर एकच. मला याच डोंगरातून फोडलं, छिन्नीने घडवलं आणि चार माणसांनी उचलून डोंगराच्या धारेवर पुरलं. मग मधली चाळीसेक वर्षं फार वाईट गेली. पलीकडे काटेरी तारा, पहारे, बंदुका. कुणाची माझ्याजवळ फिरकायची टाप नव्हती. तारा निघाल्या तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर इकडची हरणं तिकडे आणि तिकडची इकडे, खुशाल.

एक मात्र इथे नीट समजून घ्यावं लागतं, ते म्हणजे पाणी. आमच्या या भागात धारेच्या दक्षिणेला पडलेला थेंब डोनाऊ, म्हणजे डॅन्यूब नदीला मिळतो आणि पार काळ्या समुद्रात जातो. उत्तरेला पडलेला थेंब चेक मुलखातून उत्तर समुद्राला. मध्ये अंतर एका पावलाचं! त्या उत्तरेच्या उतारावर पूर्वी गावं होती. युद्धानंतर ती उठली ती उठलीच. आता तिथे मैलोन् मैल जंगल, दलदल, आणि रानात विसरलेली सफरचंदाची झाडं.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. त्या दिवशी दुपारी बघता बघता धुकं उतरलं आणि त्यातून एक म्हातारे गृहस्थ माझ्यापाशी येऊन धडकले. हाताला सात वर्षांची नात, उर्जा. तिचे ओठ ब्लूबेरी खाऊन जांभळे झालेले, अंगात नुसता सुती शर्ट. आजोबांचं नाव सुधीरराव. साताऱ्याला भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते, आता रिटायर. मुलगा निहार रेगेन्सबर्गला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर, त्याच्याकडे तीन महिन्यांसाठी आलेले.

झालं होतं ते असं. धारेवरच्या एका बाकावर जेवणं झाल्यावर निहार आणि सून ईप्सिता डबे आवरत होते. उर्जाला फळं वेचायची होती. ईप्सिता म्हणाली, "बाबा, लांब नका जाऊ हं, धुकं येतंय." त्यावर हे म्हणाले, "अगं, मी निम्मा सातारा जिल्हा पायांनी मोजलाय. मला काय रस्ता शिकवतेस!" आणि फोन, जॅकेट सगळं बाकावर टाकून निघाले. बढाई मारावी माणसाने, पण जॅकेट घालून मारावी.

आता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. हाका मारून घसा बसला होता, आणि वारा असा की शब्द तोंडातून बाहेर पडायच्या आत गायब.

"आजोबा, मिअर इस्ट काल्ट," उर्जा म्हणाली. थंडी वाजतेय, म्हणाली. पोरीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

आजोबांनी आपला स्वेटर काढून तिला घातला, बाह्या दुमडल्या. तेवढ्यात त्यांना खालून पाण्याचा आवाज आला आणि त्यांचा चेहरा उजळला. "ओढा! चल बाळा. ओढ्याच्या कडेने उतरत गेलं की गाव लागतंच लागतं. चाळीस वर्षांत कधी चुकलं नाही."

अहो, तो ओढा उत्तरेचा! साताऱ्याला लागत असेल गाव, इथे त्या पाण्याच्या काठाने दिवसभर चाललात तरी चूल दिसायची नाही. आणि तुम्हाला शोधणारे शोधणार दक्षिणेला! मी ओरडलो, म्हणजे दगड जेवढं ओरडू शकतो तेवढं. ते दोघे उतरत गेले. मला आयुष्यात दगड असल्याचा एवढा राग कधी आला नव्हता.

अर्धा तास झाला असेल. मग रडण्याचा आवाज आला, आणि आजोबा धापा टाकत वर येताना दिसले. उर्जा पाठुंगळी, तिचा एक बूट दलदलीत गेलेला. वाट पुढे चिखलातच जात होती म्हणून नाइलाजाने कोरड्या जागी परत फिरलेले. तोल सावरायला त्यांनी हात टेकला तो थेट माझ्या डोक्यावर. बोटं शेवाळात रुतली आणि थबकली.

"अरे," ते पुटपुटले, "ही तर खाच आहे."

नातीला खाली ठेवून त्यांनी किल्लीने शेवाळ खरवडायला सुरुवात केली. गुदगुल्या झाल्या, पण मी श्वास रोखून होतो. डोक्यावरची सरळ रेघ मोकळी झाली, मग नंबर, मग दोन्ही गालांवरची अक्षरं. ती बघून आजोबा मटकन खाली बसले.

"उर्जे, ओढ्याकडचं अक्षर चेक लोकांचं! आपण पार पलीकडे उतरत होतो गं. मी तुला कुठे घेऊन चाललो होतो!" दोन्ही हातांनी त्यांनी पोरीचा गार पाय छातीशी धरला.

मग त्यांच्यातला मोजणीदार जागा झाला. "हद्दीचा दगड कधी एकटा नसतो. ही रेघ जिकडे, तिकडे पुढचा दगड. आपण जेवलो त्या बाकापाशी पण असाच दगड होता ना? त्याच्यावर काय लिहिलं होतं?"

"द्राय!" उर्जा लगेच म्हणाली. आकडा दिसला आणि वाचला नाही, असं मूल अजून जन्माला यायचंय.

"तीन. आणि हा सात. मग चार दगडांचाच खेळ आहे."

त्यांनी गाल माझ्या डोक्याला टेकवला, एक डोळा मिटला आणि रेघेच्या समोर धुक्यात दिसणारं शेवटचं झाड हेरलं. त्या झाडापर्यंत गेले, तिथून मागे वळून माझ्याशी सरळ रेष जुळवली, पुढचं झाड धरलं. असं करत, उर्जाला परत पाठुंगळी घेऊन, दिसेनासे झाले. आणि दहा मिनिटांनी परत माझ्यासमोर हजर!

"आठ निघाला," आजोबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. "हरकत नाही. म्हणजे सहा इकडे."

दुसऱ्या बाजूने गेले. काही वेळाने उर्जाची आरोळी आली, "झेक्स! आजोबा, झेक्स!" सहा सापडला. नंतर आणखी लांबून पाच. मग काहीच नाही. मी कान लावून उभा. अखेर वाऱ्यावर ईप्सिताचा आवाज आला. पोरीचं नाव घेऊन ती रडत होती आणि सासऱ्यांवर ओरडतही होती, "बाबा, कुठे गेला होतात तुम्ही! जीव जायची वेळ आली होती!" त्यामागून एक वाक्य अगदी स्पष्ट आलं, "चुकलं माझं, पोरी. तुझं ऐकायला हवं होतं." हुश्श! माझ्या ग्रॅनाइटच्या अंगातला ताण सैल झाला.

साताऱ्याला परतायच्या आधी ते एकदा मला भेटायला आले, सगळ्यांना घेऊन. या खेपेला जॅकेट घालून. खिशातून कुंकवाची पुडी काढली, तर ईप्सिता म्हणाली, "बाबा, नॅशनल पार्क आहे, फेरबोटन!" म्हणजे मनाई. त्यांनी गुपचूप पुडी आत ठेवली आणि माझ्यावर हात ठेवून बसले.

"चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, बाबा रे, इथवर तुझं, इथून पुढे त्याचं," ते हळूच म्हणाले. "शिव्याच खाल्ल्या. घरी कधी कुणाला पोचवलं नव्हतं."

मी तरी कुठे पोचवलं होतं, आजोबा?

तर मंडळी, धुक्यात वाट चुकलात तर लाजू नका. या, शेवाळ खरवडा, डोक्यावर हात फिरवून बघा. रेघ आहे तिथेच आहे.