बुधवारचा भाव

हेमकांतने ढिगातली एक मिरची उचलली, कानाशी धरून हलवली आणि "वली शे. पडू द्या आजून दोन दिन," असं म्हणून तो पुढच्या ढिगाकडे निघाला.

देठ खुडत बसलेली मंगलाबाई उठली. तिने त्याच ढिगातली मिरची घेतली, आपल्या कानाशी हलवली आणि वळसा घालून मुकादमाच्या समोर जाऊन उभी राहिली. मागून हाक मारून काही उपयोग होत नाही, हे तिला गेल्या हंगामापासून ठाऊक होतं.

"मुकादम, चांगली वाळेल शे. बिया वाजी ऱ्हायन्यात."

हेमकांतने तिच्या ओठांकडे पाहिलं. मग इकडेतिकडे पाहिलं. पथारीचे मालक चुनीलाल शेठ वजनकाट्याजवळ पाठमोरे उभे होते.

"मंग भरा पोती," तो म्हणाला.

नंदुरबारबाहेरच्या पथारीवर जानेवारीत नजर पोचेल तिथपर्यंत लाल मिरची वाळत असते. ती वाळली की नाही हे ठरवायचं मुकादमाने, आणि तेही कानाने. पुरत्या वाळलेल्या मिरचीत बी सुटं होतं आणि कानाशी हलवली की खुळखुळतं. ओली मिरची मुकी असते. ओली चुकून वाळली म्हणून पोत्यात गेली, तर आठवड्यात अख्ख्या पोत्याला बुरशी. म्हणून जुन्या मुकादमांनी सांगून ठेवलंय, संशय आला तर ओलीच म्हणावं. ओली म्हणणारा कधी फसत नाही.

तीन वर्षं झाली, हेमकांतला सगळीच मिरची मुकी लागत होती. त्याच्या वडिलांचेही कान असेच पन्नाशीच्या आत गेले होते. माणूस समोर उभं राहून बोललं तर त्याला निम्मं ऐकू यायचं, उरलेलं तो ओठांवरून उचलायचा. घरी बायकोला वाटायचं, हा बाबा मुद्दामच ऐकत नाही. तिची ती समजूत त्याने मोडली नाही. पथारीवर मंगलाबाई होती. तिने एकदाही त्याला तोंडावर विचारलं नव्हतं. तो मिरची हलवायचा, ती दुरून आपली हलवायची आणि हनुवटी जराशी खाली करायची. हनुवटी खाली म्हणजे वाळली. आज तिचं लक्ष नव्हतं, एवढंच झालं होतं.

पण मिरचीचं काय एवढं. हेमकांतचा जीव अडकला होता बुधवारात.

नवापूरजवळच्या पाड्यावर दानियल मास्तर राहायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचा आणि रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचा. कॉलेजात दोघं एका बाकावर बसले होते. सुरतेच्या स्टेशनाबाहेर एकदा त्यांनी अर्धे अर्धे पैसे घालून एका विलायती बँडची कॅसेट घेतली, आणि तिथून जे खूळ लागलं ते लागलंच. इंग्रजी दोघांचंही बेताचं. शब्द कळायचे नाहीत, पण गाणारा खरं बोलतोय की थापा मारतोय हे बरोबर कळायचं. कॅसेट गेल्या, सीडी गेल्या, मोबाइल आले. नेम मात्र तोच. आठवड्याला एक अल्बम, दोघांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा आणि बुधवारी भाव काढायचा. एक गाणं जरी सोडलं, तरी त्या आठवड्याला तोंड उघडायचा हक्क गेला.

"काय भाव?" दानियल फोनवर विचारायचा, आणि मग घटकाभर दोघांना जगाचं भान नसायचं.

बर्फाच्या देशातल्या चौघांचा तासभराचा अल्बम ऐकून हेमकांत म्हणाला होता, "रंग शे, तिखट नही." शिलाँगच्या पोरांचा ऐकून म्हणाला होता, "दुसरं गानं काढी टाका, बाकीनं पोतं भरा." कॅनडातली कुणी बाई एकटीच घरात बसून गायली होती. तिच्या गाण्यात मध्येच खुर्ची करकरायची, कुत्रं भुंकायचं. दानियलने तिला नावं ठेवली, तेव्हा हेमकांत इरेला पेटला. "देठ खुडेल नही म्हनीसन मिरची वाईट का? चाखी देख ना भो." दानियलने ती परत ऐकली आणि परत फोन करून हार कबूल केली. कुठलीही पैज जिंकण्यापेक्षा हेमकांतला त्या फोनचा आनंद मोठा झाला होता. उभ्या आयुष्यात मिरची सोडून दुसऱ्या कशावर त्याचं मत कोणी विचारलं असेल, तर ते दानियलने.

म्हणून तर कान गेल्याचं त्याने दानियललाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अल्बम यायचे बंद झाले असते. "मोबाइलना आवाज बिघडेल शे, लिखी धाड," असं त्याने ठोकून दिलं आणि फोनवरचा बुधवार लिहिण्यावर आणला. ऐकणाऱ्या लोकांनी अल्बमखाली जे लिहिलेलं असायचं, ते मोबाइलकडून मराठीत करून घ्यायचं, त्यावर आपला मिरचीचा मसाला भुरभुरवायचा आणि दानियलला पाठवून द्यायचं. तीन वर्षं हे खपलं. खपलं म्हणून त्याला बरंही वाटायचं आणि स्वतःची लाजही वाटायची.

डिसेंबरात दानियलचा निरोप आला. "नवा बँड शे. आठ गाना शेतस. कोन शे ते मांगून सांगसू. भाव खरा काढजो, दया करू नको."

सोबत नुसती फाइल होती. नाव नाही, चित्र नाही, खाली कोणाचं एक अक्षर लिहिलेलं नाही. हेमकांतने कानात इअरफोनची बोंडं खोल खुपसली, आवाज होता तेवढा वाढवला आणि डोळे मिटले. पलीकडच्या गल्लीत कोणीतरी गोधडी बडवतंय, एवढंच लांबून आल्यासारखं वाटलं. कोणीतरी गातंय हे कळलं. बाई की बुवा, हे कळलं नाही. आठही गाणी त्याने अशीच ऐकली, नेम मोडला नाही. दुसऱ्या दिवशी परत आठही ऐकली.

बुधवार आला. काय लिहावं? चांगलं म्हणावं, तर दानियल विचारणार, कोणतं गाणं, कोणती ओळ. संशय आला तर ओलीच म्हणावं. त्याने लिहिलं, "वली शे. आजून आठ दिन पथारीवर ऱ्हाऊ दे."

बऱ्याच वेळाने दानियलचं उत्तर आलं. "बरं."

त्यानंतर बुधवार आले आणि गेले. हेमकांतने आपणहून एक अल्बम पाठवला, त्यावर काही नाही. "काय भाव?" असं लिहिलं, त्यावरही काही नाही. त्याची खात्रीच झाली की दानियलला समजलं. बहिऱ्याने तीन वर्षं आपल्याला बनवलं, हे समजलं आणि त्याने पाठ फिरवली. फोन करावा तर ऐकू येणार नाही. जावं तर तोंड कोणतं घेऊन जावं? मिरचीत हात असायचे आणि मन नवापूरला.

आज मंगलाबाईला पोती भरायला सांगून तो वळला, तर ती त्याच्या मागे बोट दाखवत होती. मागे लिडिया उभी होती. दानियलची मुलगी, इथेच नंदुरबारला नर्सिंग शिकत होती. तिने केव्हापासून हाका मारल्या होत्या, कोण जाणे.

"काका, बाबांचं सुरतला ऑपरेशन झालं," ती म्हणाली. "घशाचं. स्वरयंत्र काढावं लागलं."

पुढचं बोलताना तिने मान फिरवली आणि ओढणी तोंडाला लावली, तसं हेमकांतला काहीच कळेना.

"बेटा, मन्हाकडे देखीसन बोल," तो म्हणाला.

तिने डोळे पुसले. "ती आठ गाणी बाबांची होती. ऑपरेशनच्या आधी चर्च रिकामं बघून एका दुपारी त्यांनी रेकॉर्ड केली. आमच्या बोलीतली, त्यांनी स्वतः केलेली. तुमचा भाव आल्यावरच आम्हाला ऐकवणार होते. तुम्ही ओली म्हणालात, तर मोबाइलमधून पुसूनच टाकली. तुमच्याकडे आहेत का, एवढंच विचारायला आले."

"शेतस," हेमकांत म्हणाला. तो पोत्यावर बसला.

"सुरतला जाताना गाडीत मला म्हणाले, हेमकांतला आजाराचं मुद्दामच सांगितलं नव्हतं. वाटलं होतं, पहिल्या ओळीला आवाज ओळखेल आणि शिव्या देत फोन करेल. तुम्ही आवाज ओळखूनही ओली म्हणालात, काका. त्याचंच त्यांना फार लागलं. गाणी वाईट असतील, त्याचं नाही."

हेमकांत गप्प बसला असता तर निभावलं असतं. खरा भाव काढणारा कडक माणूस, एवढं नाव तरी राहिलं असतं, पथारीही राहिली असती. पण दानियल सुरतेच्या गाडीत काय समजून बसला होता, ते ऐकल्यावर त्याला आपली कीव आली नाही, आपला राग आला.

"मी आवाज ओळखा नही, बेटा. माले आयकूच येत नही. तीन वरीस व्हयनात, माले काहीच आयकू येत नही."

आपण किती मोठ्याने बोलतो हे त्याला कळत नसे. रांगेतल्या बायांचे हात थांबले. काट्याजवळ चुनीलाल शेठ वळून पाहू लागले. मंगलाबाईने मान खाली घातली.

शेठ काही म्हणाले की नाही, हे त्याने पाहिलंच नाही. शेवटच्या ढिगातल्या मूठभर मिरच्या त्याने खिशात घातल्या आणि दुपारच्या पॅसेंजरने तो लिडियाबरोबर नवापूरला गेला. गाडीत त्याने तिच्याकडून पहिलं काम करून घेतलं, आठही गाणी तिच्या मोबाइलवर घेतली.

दानियल ओट्यावर खाटेवर बसला होता. गळ्याला पांढरं फडकं, शेजारी शाळेतली पाटी आणि लेखण. मास्तर पार वाळून गेला होता. हेमकांतला पाहून त्याने तोंड भिंतीकडे केलं.

हेमकांत खाटेच्या कडेला बसला. खिशातून एक मिरची काढून त्याने आपल्या कानाशी हलवली, मान नाही म्हणून हलवली आणि ती मिरची दानियलच्या हातात दिली.

"वाजस का? तूच सांग. माले तर मिरची वाजत नही, मानूस वाजत नही."

दानियलने मिरची कानाशी नेली. हलवली. मग हात तसाच ठेवून तो कितीतरी वेळ मित्राच्या कानांकडे पाहत राहिला. शेवटी त्याने पाटीवर लिहिलं, "मन्हा आवाज?"

"आयकाच नही. वली शे हाई मी घाबरीसन लिखं. तू गानं धाडाले बंद करशी म्हनीसन सांगं नही. चुकी गयं भो."

दानियलने पाटी पुसली. "मंग त्या बर्फवालासना भाव?"

"तो तव्हय खरंच आयकेल व्हता. पन तीन वरीसना बाकीना, लोकेसनं वाची वाची धाडं."

दानियलचे खांदे हलायला लागले. तो हसत होता, आणि हसता हसता गळ्याच्या फडक्याखालून नुसती हवा सुटत होती. लिडिया घाबरून धावली, तिला त्याने हाताने थांबवलं. मग त्याने हेमकांतचा हात धरला आणि त्याला रडू आलं. हेमकांतही रडला. दारात उभी असलेली प्रिस्किला, दानियलची बायको, पदर डोळ्यांना लावून आत गेली.

चहा झाल्यावर लिडियाने मोबाइल खाटेवर मध्ये ठेवला आणि पहिलं गाणं लावलं. प्रिस्किला पेले उचलायला आली होती, ती वाकलेली तशीच राहिली. मग हळूच उंबऱ्यावर बसली. नवऱ्याचा आवाज ती महिनाभराने ऐकत होती. हेमकांतला ऐकू आलं नाही, पण तिचं तोंड त्याला दिसलं.

दानियलने पाटी पुढे केली. "आज बुधवार शे. काय भाव?"

हेमकांतने प्रिस्किलाकडे पाहिलं. लिडियाकडे पाहिलं. मग मंगलाबाई करायची तशी हनुवटी जराशी खाली केली.

"वाळेल शे," तो म्हणाला. "देठ सुदिक खुडेल शे."

दानियलने पाटी बाजूला ठेवली. त्याच्या पायाचा अंगठा खाटेच्या लाकडी गातावर ठेका धरायला लागला. हेमकांतने त्या अंगठ्यावर डोळे लावले आणि त्याच्या बरोबरीने मान डोलवायला सुरुवात केली. दुसरं, तिसरं, पाचवं. अंगठा कधी सावकाश पडायचा, कधी घाईने. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं. नेमाप्रमाणे आठही गाणी ऐकायची होती.

मध्येच हेमकांतची नजर मोबाइलवर गेली. पडद्यावरची रेघ शेवटच्या गाण्याच्या टोकाला जाऊन थांबली होती. लिडिया आणि प्रिस्किला उठून आत गेल्या होत्या. दानियलचा अंगठा मात्र खाटेच्या गातावर हलतच होता. हेमकांतनेही मान डोलवणं थांबवलं नाही.